हर्पिसचे विषाणू आणि डोळ्यांचा कर्करोग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात बुबुळावर होणाऱ्या हर्पिसच्या जखमेविषयी लिहिताना, या विषाणूच्या कुळातील काही विषाणू कर्करोगालाही कारणीभूत ठरतात, असा ओझरता उल्लेख केला होता. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काही पत्रांत जिज्ञासा आहे, पण बहुतेक पत्रांत धास्ती आहे, आणि जे घाबरले आहेत त्यांपैकी बहुतेकांना घाबरण्याचे कारण नाही. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : गेल्या सहा वर्षांत माझ्या उजव्या डोळ्याला तीनदा हर्पिसची जखम झाली. प्रत्येक वेळी ती औषधाने भरली, पण बुबुळावर पुसटसे फूल राहिले आहे. या डोळ्यात पुढे कर्करोग होईल का? एका नातेवाइकांनी तर डोळा आधीच काढून टाकावा, असे सुचवले आहे. (एक गृहिणी, सातारा जिल्हा)

उत्तर : डोळा काढण्याचा विचार आजच मनातून काढून टाका, आणि ज्यांनी तो सुचवला त्यांनाही हे उत्तर वाचायला द्या.

हर्पिस हे एका विषाणूचे नाव नसून एका मोठ्या कुळाचे नाव आहे. माणसात या कुळातील आठ प्रकारचे विषाणू आढळतात. ओठावर तापाचे फोड येतात किंवा बुबुळावर फांद्यांसारखी जखम होते, ती हर्पिस सिम्प्लेक्समुळे. कांजिण्या आणि नागीण ज्यामुळे होतात तो विषाणूही याच कुळातला, आणि कर्करोगाशी ज्यांचा संबंध सिद्ध झाला आहे ते दोन विषाणूही याच कुळातले आहेत. मात्र कुळ एक असले तरी या विषाणूंची वागण्याची रीत फार वेगळी आहे आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेगळेपणातच आहे. हर्पिस सिम्प्लेक्स चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी, कवटीच्या तळाजवळ असलेल्या मज्जापेशींच्या पुंजक्यात दडून राहतो. या पेशींचे विभाजन होत नाही. ताप, कडक ऊन, मानसिक ताण किंवा प्रतिकारशक्तीतील घट अशा निमित्ताने तो जागा होतो, मज्जातंतूतून बुबुळापर्यंत येतो आणि तेथील ज्या पेशीत स्वतःच्या प्रती तयार करतो त्या पेशीला मारून टाकतो. जखम होते ती त्यामुळेच. कर्करोगासाठी मात्र बिघडलेली पेशी जिवंत राहावी लागते आणि तिचे वर्षानुवर्षे विभाजन होत राहावे लागते. मेलेल्या पेशीतून कर्करोग उद्भवत नाही.

हर्पिस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार जगातील ५० वर्षांखालील जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ज्या विषाणूंना निश्चितपणे कर्करोगजनक ठरवले आहे, त्यांत त्याचा समावेश नाही. त्यामुळे तुमच्या बुबुळावरच्या फुलाची चिंता करायची ती दृष्टीच्या दृष्टीने करावी.

ती मात्र खरोखरच करायला हवी. दर वेळी जखम उलटली की बुबुळावरचा व्रण दाट होत जातो आणि बुबुळाची संवेदनाही कमी होते, त्यामुळे पुढची जखम झाली तरी ती दुखत नाही आणि उशिरा लक्षात येते. अमेरिकेत झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ॲसायक्लोव्हिर या विषाणुविरोधी औषधाची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा वर्षभर घेणाऱ्यांपैकी १९ टक्के रुग्णांत डोळ्याचा हर्पिस उलटला, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. तीनदा जखम झालेल्या रुग्णाने हा उपाय आपल्याला लागू पडतो का, हे नेत्रतज्ज्ञांना अवश्य विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर तो आधी सांगावा, कारण त्यानुसार मात्रा बदलावी लागते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. डोळा लाल झाला म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका. हर्पिसची ताजी जखम असताना विषाणुविरोधी औषधाच्या संरक्षणाशिवाय स्टिरॉइड घातले, तर जखम झपाट्याने पसरते आणि बुबुळाला भोकही पडू शकते. डोळ्याचे जे नुकसान टाळणे आपल्या हातात आहे, त्यात हे फार वरचे आहे.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हर्पिस कुळातील नेमक्या कोणत्या विषाणूंचा कर्करोगाशी संबंध सिद्ध झाला आहे आणि त्यांपैकी कोणते कर्करोग डोळ्यात किंवा डोळ्याभोवती होतात? (पुणे)

उत्तर : असे दोनच विषाणू आहेत. एक एपस्टाइन-बार विषाणू आणि दुसरा कापोसी सार्कोमा या रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या कर्करोगाचा विषाणू, ज्याला मानवी हर्पिस विषाणू क्रमांक ८ असेही म्हणतात. हे दोघे कुळाच्या गॅमा शाखेतले आहेत. या शाखेचे विषाणू मुख्यतः लसिका पेशींमध्ये, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये, राहतात, पेशीला मारण्याऐवजी तिला जगवतात आणि पेशी विभागली की स्वतःची प्रतही दोन्ही नव्या पेशींत पोहोचवतात. यामुळे त्यांचा आणि पेशीच्या वाढीचा स्वार्थ एक होतो.

एपस्टाइन-बार विषाणूच्या शोधाची हकिकत डोळ्याच्या डॉक्टरांनाही जवळची वाटावी अशी आहे. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात काम करत असताना त्यांना लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठी दिसू लागल्या. १९५८ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लहानपणी अपघातात एक डोळा गमावलेल्या या माणसाने मोटारीने आफ्रिकेत हजारो मैल हिंडून या गाठी कोठे आढळतात आणि कोठे आढळत नाहीत, याची नोंद केली, तेव्हा हिवतापाचा पट्टा आणि या गाठींचा पट्टा बराचसा एकच असल्याचे दिसले. १९६१ मध्ये त्यांचे लंडनमधील व्याख्यान ऐकायला विषाणूंचा अभ्यास करणारे अँथनी एपस्टाइन बसले होते. या गाठीमागे विषाणू असावा, असे त्यांना तेव्हाच वाटले आणि युगांडातून गाठींचे नमुने विमानाने लंडनला येऊ लागले. १९६३ च्या डिसेंबरात धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावे लागले. नमुना उशिरा आला तेव्हा त्यातील द्रव गढूळ झाला होता. तो जंतुसंसर्ग समजून फेकला गेला असता, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यात मोकळ्या तरंगणाऱ्या जिवंत पेशी निघाल्या. त्या पेशी वाढवून एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांतील विषाणू पाहिला आणि १९६४ मध्ये तो जगासमोर मांडला. माणसात कर्करोगाशी जोडला गेलेला हा पहिला विषाणू होय.

ही गाठ, म्हणजे बर्किट लिम्फोमा हा लसिका पेशींचा कर्करोग, वरच्या जबड्यातून वर सरकून डोळ्याच्या खोबणीत शिरतो, कधी थेट खोबणीतच सुरू होतो. काही दिवसांत मुलाचा डोळा बाहेर येऊ लागतो, कारण ही गाठ एकदोन दिवसांत दुप्पट होण्याइतक्या वेगाने वाढते. हीच गाठ रसायनोपचाराने तितक्याच झपाट्याने विरघळतेही, म्हणून निदानाला लागणारा प्रत्येक दिवस मोलाचा असतो. आफ्रिकेतील बर्किटच्या जवळजवळ सर्व गाठींत हा विषाणू सापडतो, इतर खंडांतील तुरळक रुग्णांत मात्र तो थोड्यांतच सापडतो. जगातील दहापैकी नऊहून अधिक प्रौढांत तो मुक्कामाला असूनही हा कर्करोग फार थोड्यांना होतो. त्यासाठी वारंवार येणारा हिवताप आणि पेशीच्या गुणसूत्रांत होणारी एक विशिष्ट अदलाबदल हेही घटक जुळून यावे लागतात. विषाणू हे एक कारण आहे, एकटे कारण नाही, हे लक्षात ठेवले तर पुढचे सारे समजायला सोपे जाते.

नाकाच्या मागच्या भागातील कर्करोगाशीही या विषाणूचा घट्ट संबंध आहे. भारतात तो ईशान्येकडे, विशेषतः नागालँडमध्ये, इतर राज्यांच्या मानाने पुष्कळ अधिक आढळतो. त्याचे पहिले लक्षण कधी कधी डोळ्याचेच असते. डोळा बाहेरच्या बाजूस वळवणारा मज्जातंतू गाठीखाली दबला की एका वस्तूच्या दोन दिसू लागतात आणि रुग्ण कान-नाक-घसा तज्ज्ञांऐवजी आम्हा नेत्रतज्ज्ञांकडे येतो. नाकात सुरू होऊन खोबणीत शिरणारा एक लिम्फोमाही याच विषाणूशी निगडित आहे.

कापोसी सार्कोमाचे वर्णन मोरित्झ कापोसी यांनी व्हिएन्नात १८७२ मध्ये केले होते, पण त्यामागचा विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये शोधला तो १९९४ मध्ये. एड्सच्या साथीच्या सुरुवातीच्या काळात, प्रभावी औषधे येण्यापूर्वी, कापोसी सार्कोमा झालेल्या सुमारे पाचांतील एका एड्सरुग्णाच्या पापणीवर किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर त्याचे लालसर-जांभळे डाग दिसत. पांढऱ्या भागावरचा डाग साकळलेल्या रक्तासारखा दिसतो, फरक एवढाच की दोन-तीन आठवड्यांत तो विरत नाही. भारतात हा विषाणू विरळ आहे आणि त्यामुळे हा कर्करोगही विरळ आहे.

तुम्ही शास्त्राच्या विद्यार्थिनी आहात म्हणून एक धागा मुद्दाम दाखवतो. लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाच्या अभ्यासातून आरबी हे जनुक सापडले, आणि त्याचे प्रथिन शरीरातील असंख्य पेशींच्या विभाजनाला लगाम घालते, असे पुढे कळले. कापोसी विषाणूचे सुप्तावस्थेतील मुख्य प्रथिन ज्या प्रथिनांना जखडते त्यांत आरबीही आहे. डोळ्याच्या गाठीने ज्या कुलपाची ओळख करून दिली, तेच कुलूप हा विषाणू इतरत्र उघडतो.

प्रश्न : डोळ्याच्या गाठीत हर्पिस कुळातील विषाणूचा अंश सापडला, अशा बातम्या वाचनात येतात. अंश सापडला म्हणजे कर्करोग त्यामुळेच झाला, असे समजायचे का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : नाही, आणि हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

पीसीआर ही तपासणी इतकी संवेदनशील आहे की लाखो पेशींतील मोजक्या पेशींत विषाणूचे डीएनए असले तरी ती ते दाखवते. गाठीच्या तुकड्यात कर्कपेशी असतात, तशाच रक्तवाहिन्या असतात आणि गाठीशी झुंजायला आलेल्या लसिका पेशीही असतात. एपस्टाइन-बार विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या लसिका पेशींत आयुष्यभर असतोच. मग एखाद्या गाठीत त्याचा अंश मिळाला, तर तो कर्कपेशीत होता की केवळ तेथे पोहोचलेल्या लसिका पेशीत, हे पीसीआर सांगू शकत नाही. त्यासाठी विषाणूचा आरएनए नेमका कोणत्या पेशीत आहे, हे ऊतीच्या कापावर रंगवून पाहावे लागते. त्याही पुढे जाऊन, गाठीतील सर्व पेशींत विषाणूची एकच वंशावळ आहे का, म्हणजे गाठ वाढू लागण्यापूर्वीच पहिल्या पेशीत विषाणू शिरला होता का, हे पाहावे लागते. शिवाय निरोगी डोळ्यांच्या ऊतींत तोच विषाणू किती वेळा सापडतो, याची तुलना हवी. अशी तुलना नसलेल्या अभ्यासावर मी कोणताही निष्कर्ष उभारणार नाही.

यातली चूक किती काळ टिकू शकते, याचे उदाहरण हर्पिस कुळातच आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या रक्तात हर्पिस सिम्प्लेक्सच्या दुसऱ्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे अधिक आढळतात, असे दिसून आले. प्रयोगशाळेत निष्प्रभ केलेला हर्पिस विषाणू प्राण्यांच्या पेशींत बदल घडवतो, हेही दाखवले गेले. पुढची बरीच वर्षे बहुतेक संशोधक हाच विषाणू दोषी धरून चालले होते. जर्मन संशोधक हाराल्ड त्सूर हाउझेन यांना मात्र कर्करोगाच्या ऊतींत हर्पिसचे डीएनए सापडेना आणि १९७४ मध्ये फ्लोरिडातील परिषदेत त्यांनी ते सांगितले तेव्हा श्रोत्यांचा प्रतिसाद थंड होता. त्यांनी मग चामखिळीच्या विषाणूंकडे मोर्चा वळवला, १९८३ मध्ये मानवी पॅपिलोमा विषाणूचा १६ वा प्रकार या कर्करोगात शोधला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हर्पिस आणि पॅपिलोमा हे दोन्ही संसर्ग शरीरसंबंधातून होतात, म्हणून ते एकाच स्त्रीत वारंवार एकत्र दिसत होते. हर्पिसच्या प्रतिपिंडांचे प्रमाण खरेच होते, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता.

याचा दुसरा पैलूही प्रामाणिकपणे सांगायला हवा. काही विषाणू पेशीत पहिला बिघाड घडवून निघून जात असावेत आणि कर्करोग दिसेपर्यंत त्यांचा मागमूसही उरत नसावा, अशी एक कल्पना संशोधकांत दीर्घकाळ चर्चेत आहे. ती खोडून काढणे अवघड आहे, पण सिद्ध करणेही तितकेच अवघड आहे, आणि तेवढ्या आधारावर कोणा रुग्णाला त्याच्या कर्करोगाचे कारण सांगणे मला योग्य वाटत नाही.

डोळ्याच्या आतील मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग, याबद्दलही काहींनी विचारले आहे. त्याच्या बहुसंख्य रुग्णांत जीएनएक्यू किंवा जीएनए११ या जनुकांतील बदल सापडतो आणि त्यात विषाणूचा हात असल्याचा पुरावा नाही.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलाला रेटिनोब्लास्टोमा झाला आणि एक डोळा काढावा लागला. गरोदरपणी मला ओठावर हर्पिस झाला होता. हे माझ्यामुळे झाले का? (एक आई, नांदेड)

उत्तर : ताई, तुमच्या ओठावरच्या हर्पिसमुळे हे झालेले नाही. हे वाक्य मी पूर्ण खात्रीने लिहीत आहे.

रेटिनोब्लास्टोमा दृष्टिपटलाच्या वाढत्या पेशींत होतो, आणि त्याचे कारण वैद्यकशास्त्राला इतर बहुतेक कर्करोगांच्या मानाने फार स्पष्ट ठाऊक आहे. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्ये ४८ मुलांच्या नोंदींचा अभ्यास करून असा तर्क मांडला की एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की ही गाठ होते. १९८६ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले. वर ज्याचा उल्लेख केला तेच हे आरबी. साधारण ४० टक्के मुलांत पहिला बिघाड शरीराच्या प्रत्येक पेशीत जन्मापासूनच असतो आणि त्यांतही बहुतेकांच्या आईवडिलांत तो नसतो, बीजपेशी तयार होताना तो नव्याने घडलेला असतो. उरलेल्या मुलांत दोन्ही बिघाड दृष्टिपटलाच्या एकाच पेशीत घडतात. पेशी विभागताना कोट्यवधी अक्षरांची नक्कल होते आणि त्यात अशी चूक कोणाच्याही वागण्याशिवाय होते. आईने काय खाल्ले, कोणत्या दिवशी बाहेर पडली, तिला कोणता संसर्ग झाला, यांचा त्याच्याशी संबंध लावून घरात कोणी बोलत असेल, तर त्यांनाही हे दाखवा. काही प्रयोगशाळांनी या गाठीत पॅपिलोमा विषाणूचा शोध घेतला, पण त्याला कारण म्हणून मान्यता मिळालेली नाही.

आता करण्याजोगे काय आहे, ते सांगतो. मुलाच्या आरबी जनुकाची तपासणी करून घ्या. बिघाड जन्मजात असल्यास दुसऱ्या डोळ्याची तपासणी ठरलेल्या अंतराने, लहान असेपर्यंत भूल देऊन, करावी लागते, आणि पुढील आयुष्यात इतर अवयवांच्या कर्करोगाबाबतही सावध राहावे लागते. तुम्हाला दुसरे मूल असेल किंवा होणार असेल, तर त्याचे डोळे जन्मानंतर लगेच तपासावेत. भारतात दरवर्षी सुमारे दीड हजार मुलांना हा कर्करोग होतो. फ्लॅश टाकून काढलेल्या छायाचित्रात एका बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसणे किंवा मूल तिरळे पाहू लागणे, ही त्याची सुरुवातीची खूण असते. गाठ डोळ्याबाहेर पडण्यापूर्वी उपचार झाले, तर बहुसंख्य मुले वाचतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईचे शंकर नेत्रालय येथे या मुलांवर उपचार होतात.

प्रश्न : माझ्या आईला (वय ६६) दोन्ही डोळ्यांत सूज असल्याचे सांगून वर्षभर स्टिरॉइड दिले गेले. विषाणूचा संसर्ग असावा म्हणून मध्ये ॲसायक्लोव्हिरही दिले. आता डॉक्टर डोळ्यात लिम्फोमा असल्याची शंका घेतात. संसर्गाचे कर्करोगात रूपांतर झाले का? (ठाणे)

उत्तर : बहुधा तसे झालेले नसावे. सुरुवातीपासूनच लिम्फोमा असावा आणि तो सुजेच्या रूपात वावरत असावा, ही शक्यता अधिक आहे. डोळ्याच्या आतील हा लिम्फोमा, म्हणजे दृष्टिपटल आणि काचद्रव (डोळ्याच्या पोकळीतील जेलीसारखा द्रव) यांचा, साठीच्या आसपास होतो. नजर धुरकट होते, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, पण डोळा लालही नसतो आणि फारसा दुखतही नाही. तपासणीत काचद्रवात पेशी दिसतात आणि सुजेतही त्या दिसतात. स्टिरॉइड दिल्यावर लिम्फोमाच्या पेशीही काही काळ विरतात, म्हणून रुग्णाला बरे वाटते आणि चुकीच्या निदानाला बळ मिळते. त्याच्या उलटही घडते. हर्पिस सिम्प्लेक्स किंवा नागिणीचा विषाणू दृष्टिपटलाचा नाश करतो तेव्हा तो आजार लिम्फोमासारखा दिसू शकतो, आणि तेथे ॲसायक्लोव्हिरला एकेक दिवस उशीर म्हणजे दृष्टी जाणे. त्यामुळे आईला मध्ये ते औषध देणाऱ्या डॉक्टरांची शंका निराधार होती, असे मी म्हणणार नाही.

या लिम्फोमात एपस्टाइन-बार विषाणूचा वाटा किती, हे रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर अवलंबून असते. एच.आय.व्ही. बाधित किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत विषाणूला आवर घालणाऱ्या पेशी दुबळ्या झालेल्या असतात, आणि तेथे हा विषाणू कर्कपेशींत खरोखर सापडतो. ज्यांची प्रतिकारशक्ती चांगली आहे, अशा ज्येष्ठांत मात्र तो सहसा सापडत नाही. त्यांच्यापैकी बहुसंख्यांत एमवायडी८८ या जनुकातील एक ठरावीक बदल आढळतो आणि गाठीचे इंजिन तेच असते.

पुढचे पाऊल म्हणजे काचद्रवाचा नमुना घेणे. त्यापूर्वी शक्य असेल तर स्टिरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून थांबवतात, अन्यथा नमुन्यात कर्कपेशीच सापडत नाहीत. वर्षभर चाललेल्या गोळ्या मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका, त्याने प्राणावर बेतू शकते. त्याच नमुन्यातून पेशींची तपासणी, जनुकबदल, इंटरल्युकिन-१० या प्रथिनाचे प्रमाण आणि हर्पिस कुळातील विषाणूंची पीसीआर, हे सर्व करता येते. निदान पक्के झाले तर मेंदूचे एमआरआय लागेलच, कारण या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांत आज ना उद्या मेंदूतही हा रोग आढळतो. डोळ्यात मेथोट्रेक्सेट या कर्करोगविरोधी औषधाची इंजेक्शने देतात, आणि नेत्रतज्ज्ञ व रक्तविकारतज्ज्ञ या दोघांनी मिळून उपचार ठरवावेत.

प्रश्न : माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बुबुळाला लागून गुलाबी उंचवटा वाढतो आहे. हा हर्पिसशी संबंधित कर्करोग असू शकेल का? (कोल्हापूर)

उत्तर : तो साधा वडस, म्हणजे शेतात उन्हात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात वाढणारे मांस, असू शकेल. पण तुमच्या बाबतीत केवळ पाहून तसे ठरवू नये. या जागी होणारा नेहमीचा कर्करोग खवल्यासारख्या चपट्या पेशींचा असतो. त्याची मुख्य कारणे सूर्याचे अतिनील किरण आणि दुबळी प्रतिकारशक्ती ही आहेत, आणि त्यात हर्पिसचा वाटा सिद्ध झालेला नाही. पॅपिलोमा विषाणूबद्दलही निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष जुळत नाहीत. उन्हाबद्दल मात्र शंका नाही. १९९६ मधील एका जागतिक पाहणीत विषुववृत्तापासून दर १० अंश दूर गेल्यावर या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, असे दिसले. आफ्रिकेत एच.आय.व्ही.ची साथ पसरल्यावर तो तरुणांत दिसू लागला, म्हणून आपल्याकडेही तरुण रुग्णात तो आढळला की आम्ही एच.आय.व्ही.ची तपासणी सुचवतो. उंचवट्यावर पांढुरका थर, आत शिरणाऱ्या ठळक रक्तवाहिन्या किंवा काही महिन्यांतील वाढ दिसली, तर बायोप्सी करावीच. लवकर सापडल्यास गाठ काढून कडा गोठवतात, किंवा इंटरफेरॉन, मायटोमायसिन यांसारख्या थेंबांनीही ती विरते.

प्रत्यारोपण झालेल्यांना एपस्टाइन-बार विषाणूमुळे लिम्फोमा होऊ शकतो. पांढऱ्या भागावर मऊ, सॅमन माशाच्या रंगाचा सपाट उंचवटा दिसला तर तीही शक्यता तपासतात. अशा वेळी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची मात्रा कमी करणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो. मात्र ती मात्रा कमी करण्याचा निर्णय फक्त तुमच्या प्रत्यारोपण तज्ज्ञांनी घ्यायचा आहे.

प्रश्न : वडिलांच्या कपाळावर आणि डोळ्याभोवती नागीण उठली होती. शरीरात कोठे कर्करोग लपलेला असल्याची ही खूण आहे का? यावर लस आहे का? (अकोला)

उत्तर : वयाच्या साठीनंतर नागीण होण्याचे सर्वांत साधे कारण वय हेच असते. रक्ताचा कर्करोग किंवा त्यावरील उपचार यांमुळे प्रतिकारशक्ती घटली की नागीण उठते, म्हणजे संबंध आहे तो या दिशेने. नागिणीच्या विषाणूमुळे डोळ्यात कर्करोग होत नाही. वडिलांना वजन घटणे, रात्री घाम येणे, गळ्यात किंवा काखेत गाठी अशी लक्षणे नसतील, तर केवळ नागिणीसाठी सर्वांगाची स्कॅन करत बसू नये. एरवी निरोगी तरुणाला विनाकारण नागीण उठली, तर मात्र एच.आय.व्ही.ची तपासणी करून घ्यावी.

नागिणीवरील प्रथिनाधारित लस भारतात २०२३ पासून मिळते. ती ५० वर्षांवरील व्यक्तींना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन वेळा देतात आणि मोठ्या चाचणीत तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. ती महाग आहे, पण ज्यांनी डोळ्याच्या नागिणीनंतर महिनोन्‌महिने टिकणाऱ्या वेदना पाहिल्या आहेत त्यांना मी तिची शिफारस करतो. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही ती बरे झाल्यावर घेता येते. एपस्टाइन-बार आणि कापोसी विषाणूंविरुद्ध वापरात असलेली लस नाही. नाकाच्या शेंड्यावर फोड आलेले असतील, तर डोळ्याच्या आत सूज येण्याचा धोका अधिक असतो, कारण दोन्हीकडे एकाच मज्जातंतूची शाखा जाते. तसे असल्यास फोड सुकले तरी वडिलांना पुढचे काही महिने नेत्रतज्ज्ञांकडे नेत राहा आणि दर वेळी डोळ्यातील दाब मोजून घ्या.